वाचनवेग : भाषा आणि लिपी

लिखित वा मुद्रित मजकूर अर्थग्रहणासह ज्या गतीने वाचला जातो, त्या गतीस वाचनवेग म्हणतात. तो सामान्यतः दर मिनिटास वाचलेल्या शब्दांच्या संख्येने व्यक्त करतात. वाचकाचे वय, शिक्षण, वाचनाचा हेतू, मजकुराची काठिण्यपातळी आणि अक्षरांचा आकार यांवर तो अवलंबून असतो, हे उघड आहे. परंतु यांखेरीज मजकूर कोणत्या भाषेत व कोणत्या लिपीत आहे, याचाही त्याच्याशी संबंध पोहोचतो. तो किती व कसा, हा गेल्या सुमारे दीडशे वर्षांतील संशोधनाचा विषय आहे. मराठीच्या दृष्टीने या प्रश्नास एक खास ऐतिहासिक महत्त्व आहे. कारण एकच भाषा मोडी व बालबोध (देवनागरी) अशा दोन लिपींत शतकानुशतके लिहिली गेली. पैकी पहिली मुख्यतः लेखनाच्या सोयीची, तर दुसरी वाचनाच्या सोयीची होती.

मापनाचा इतिहास : वाचताना डोळे ओळीवरून सलग सरकत जातात, असा पूर्वी समज होता. फ्रेंच नेत्रवैद्य एमील झाव्हाल (१८३९–१९०७) यांच्या पॅरिस येथील प्रयोगशाळेत १८७९ च्या सुमारास झालेल्या निरीक्षणांतून डोळे टप्प्याटप्प्याने उड्या घेतात व दोन उड्यांच्या मध्ये क्षणभर स्थिरावतात, असे दिसून आले. जर्मनीत बेन्नो एर्डमान व रेमंड डॉज यांनी १८९८ मध्ये या निरीक्षणास प्रायोगिक बळकटी दिली. शब्दाचे आकलन डोळा स्थिर असतानाच होते, उडीच्या वेळी नव्हे, हे त्यांनी दाखविले. एडमंड ह्यूई यांनी १९०८ मध्ये वाचनाच्या मानसशास्त्रावर लिहिलेला ग्रंथ या विषयातील पहिला विस्तृत ग्रंथ मानला जातो.

आज उपलब्ध असलेल्या मापनांनुसार इंग्रजी वाचणारा प्रौढ वाचक एका ठिकाणी साधारणतः २०० ते २५० सहस्रांश सेकंद दृष्टी स्थिर ठेवतो व पुढे सात ते नऊ अक्षरांची उडी घेतो. सुमारे १० ते १५ टक्के उड्या उलट दिशेने, म्हणजे वाचलेल्या भागाकडे परत जाणाऱ्या असतात. एका स्थिरावण्यात उपयोगी पडणारे दृष्टिक्षेत्र इंग्रजीत डावीकडे तीन-चार अक्षरे व उजवीकडे चौदा-पंधरा अक्षरे एवढे असते. हिब्रू भाषा उजवीकडून डावीकडे लिहितात. तिच्या वाचकांत हे क्षेत्र डावीकडे अधिक पसरलेले आढळले (१९८१). चिनी वाचकांत ते डावीकडे एक व उजवीकडे तीन चिन्हे इतके आखूड असते. तथापि चिनीतील प्रत्येक चिन्ह स्वतः अर्थवाहक असल्यामुळे त्या आखूड क्षेत्रात सामावणारा आशय कमी नसतो. दृष्टिक्षेत्र हे डोळ्याच्या रचनेने कायमचे ठरलेले नसून लिपीच्या सवयीने घडते, असा याचा अर्थ होतो.

भाषा व वेग यांच्या संबंधाचे सर्वांत जुने आकडे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स मकीन कॅटेल (१८६०–१९४४) यांचे आहेत. त्यांनी लाइपसिक येथे स्वतःवरच प्रयोग केले व शक्य तितक्या जलद वाचताना प्रत्येक शब्दास लागणारा वेळ १८८६ मध्ये प्रसिद्ध केला. इंग्रजीस १३८, फ्रेंचला १६७, जर्मनला २५०, इटालियनला ३२७, लॅटिनला ४३४ आणि ग्रीकला ४८४ सहस्रांश सेकंद, असे ते आकडे होते. इंग्रजी ही कॅटेल यांची मातृभाषा होती. परक्या भाषेतील वाचनाचा वेग त्या भाषेच्या परिचयाच्या प्रमाणात असतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. यातील पहिल्या पाचही भाषा रोमन लिपीतच लिहिल्या जातात. म्हणजे येथील फरक लिपीचा नसून परिचयाचा होता. पुढील काळातील पुष्कळशा तुलनांत या दोन गोष्टींची गल्लत झालेली आढळते.

भाषाभाषांतील तुलना : अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम ग्रे (१८८५–१९६०) यांनी युनेस्कोसाठी केलेल्या पाहणीत (१९५६) चौदा भाषांच्या वाचकांच्या नेत्रहालचाली नोंदविल्या होत्या. लिपी वर्णमूलक असो, अक्षरमूलक असो वा चिनीसारखी शब्दमूलक असो, प्रौढ वाचकाच्या वाचनाची मूलभूत प्रक्रिया सर्वत्र सारखीच असते, असे त्यांना आढळले.

या विषयातील अलीकडचे महत्त्वाचे मापन जर्मनीतील सुसाने ट्राउत्सेटेल-क्लोसिन्स्की व क्लाउस डीट्स यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी १७ भाषांत समान आशयाचे व समान काठिण्याचे उतारे तयार करून ते १८ ते ३५ वर्षे वयाच्या ४३६ वाचकांकडून मोठ्याने वाचून घेतले. सर्व भाषांची सरासरी मिनिटास १८४ शब्द आली. परंतु भाषावार आकड्यांत मोठे अंतर पडले. इंग्रजीत २२८, फिनिशमध्ये १६१ व अरबीत १३८ शब्द असा वेग आढळला. हेच मोजमाप शब्दांऐवजी उताऱ्यांत केले असता अंतर पुष्कळच कमी झाले : सरासरीने मिनिटास १·४२ उतारे वाचले जात होते व त्यातील विचलन थोडेच होते. या १७ भाषांत एकही भारतीय भाषा नव्हती.

शब्दांच्या हिशेबात दिसणारा फरक बराचसा ‘शब्द’ या एककाचाच आहे, हे यावरून स्पष्ट होते. मराठीच्या उदाहरणाने ते सहज कळते. ‘महाडहून पोलादपूरला जाणाऱ्यांनासुद्धा’ या पदसमूहात मराठी लेखनपद्धतीने तीन शब्द आहेत. हाच आशय इंग्रजीत मांडल्यास आठ शब्द होतात. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामास जोडून लिहितात; इंग्रजीत त्यांचे काम करणारे शब्द सुटे असतात. तेव्हा मराठी व इंग्रजी वाचकांनी हा आशय सारख्याच वेळात वाचला, तरी मिनिटास शब्द या मापाने मराठी वाचक इंग्रजी वाचकाच्या निम्म्याहूनही मंद ठरेल. फिनिश व तुर्कीसारख्या प्रत्ययबहुल भाषांबाबत, तसेच कन्नड, तेलुगू, तमिळ व मलयाळम् या द्राविडी भाषांबाबतही हेच घडते.

इंग्लंड, फिनलंड व चीन येथील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासात समान आशयाची वाक्ये तिन्ही भाषांच्या वाचकांना मूक वाचनासाठी दिली. नेत्रहालचालींचे तपशील भिन्न निघाले. चिनी वाचकांच्या उड्या आखूड, तर फिनिश वाचकांचे लांब शब्दांवरील थांबे अधिक होते. मात्र संपूर्ण वाक्य वाचण्यास लागलेला वेळ जवळजवळ सारखाच होता. बोलण्याच्या बाबतीतही असाच अनुभव आहे. १७ भाषांच्या उच्चारगतीचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास असे दाखवितो, की काही भाषा जलद व काही संथ बोलल्या जात असल्या, तरी सेकंदास पोहोचणारी माहिती सर्वत्र सुमारे ३९ बिट एवढीच असते. ज्या भाषेत एका अवयवात आशय कमी असतो, ती भरभर बोलली जाते. ज्या भाषेत तो दाट असतो, ती सावकाश बोलली जाते. वाचनातही अंतिम मर्यादा बहुधा डोळ्याची नसून आकलनाची असते, असे यावरून म्हणता येते.

देवनागरी लिपी व वाचन : देवनागरी लिपीत व्यंजन व त्याला जोडलेला स्वर मिळून एक अक्षर होते आणि स्वराची खूण व्यंजनाच्या वर, खाली, पुढे किंवा मागे लागते [⟶ देवनागरी लिपी]. मराठीतील ३४ व्यंजनांची बाराखडी लिहिल्यास ४०८ रूपे होतात. जोडाक्षरे यांशिवाय वेगळी. रोमन लिपीच्या २६ वर्णांच्या तुलनेत हा संग्रह फार मोठा असल्यामुळे तो आत्मसात करण्यास मुलांना अधिक वर्षे लागतात. सोनाली नाग यांनी कन्नड माध्यमाच्या शाळांत केलेल्या अभ्यासात (२००७) अक्षरसंग्रहाचे शिक्षण चौथ्या-पाचव्या इयत्तेपर्यंत चालू राहते, असे आढळले. कन्नड लिपीची अक्षररचना देवनागरीसारखीच असल्यामुळे हा निष्कर्ष मराठीच्या संदर्भातही विचारात घेण्याजोगा आहे. याउलट, एकदा अक्षरे ओळखीची झाली की मराठी वाचकास शब्दाचा उच्चार जवळजवळ थेट मिळतो. इंग्रजीतील अनियमित वर्णलेखनाची अडचण त्याला येत नाही. प्रारंभी संथ, पुढे सुकर असा हा मार्ग आहे.

देवनागरीतील एका विशेषाचा वाचनवेगाशी प्रत्यक्ष संबंध आढळला आहे. पहिली वेलांटी (ि) व्यंजनाच्या आधी लिहिली जाते, परंतु तिचा उच्चार व्यंजनानंतर होतो. ज्योत्स्ना वैद व आशुम गुप्ता यांनी हिंदी वाचकांवर केलेल्या प्रयोगांत (२००२) अशी वेलांटी असलेले शब्द उच्चारण्यास अधिक वेळ लागतो, असे दिसून आले. ही गैरसोय लिपिसुधारकांच्या ध्यानात पूर्वीच आली होती. लखनौ येथे १९५३ मध्ये भरलेल्या लिपिसुधार परिषदेने पहिली वेलांटीही व्यंजनाच्या उजवीकडेच, आखूड दांड्याने लिहावी, अशी शिफारस केली होती. मात्र पहिली व दुसरी वेलांटी एकमेकींसारख्या दिसू लागल्याने नवा घोटाळा निर्माण झाला व १९५७ मध्ये ती शिफारस मागे घेण्यात आली. एक अडचण दूर करताना अक्षरांतील वेगळेपण कमी झाले, तर वाचकाचा तोटा होतो, हा या प्रसंगाचा धडा होय. विनायक दामोदर सावरकर यांनी पुरस्कारिलेली ‘अ’ची बाराखडी (अि, अी, अु, अू) हीदेखील मुद्रण व टंकलेखन सुलभ करण्यासाठी होती. काही मराठी नियतकालिकांनी ती बरीच वर्षे वापरली; परंतु सर्वसामान्य लेखनात ती रुजली नाही. भारती ब्रेल या १९५१ मध्ये स्वीकारलेल्या स्पर्शलिपीत मात्र स्वराची खूण नेहमी व्यंजनानंतर, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने येते.

मराठी शुद्धलेखनाच्या नियमांचाही येथे विचार करणे इष्ट ठरते. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले व १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली. यांमुळे व्युत्पत्तीने सिद्ध होणारे, परंतु उच्चारात नसलेले अनुस्वार वगळण्यात आले. लेखन व उच्चार यांतील अंतर त्यामुळे घटले. तथापि काही रूपांतील अर्थभेद दाखविणारी खूणही गेली व तो भेद आता संदर्भावरून जाणावा लागतो.

एक भाषा, दोन लिपी : लिपीचा परिणाम भाषेच्या परिणामापासून वेगळा काढण्याचा उत्तम मार्ग म्हणजे एकच भाषा दोन लिपींत वाचणाऱ्यांचा अभ्यास. हिंदी व उर्दू यांचे बोलीरूप बव्हंशी एक असून पहिली देवनागरीत व दुसरी फार्सी-अरबी वळणाच्या लिपीत लिहितात. दोन्ही लिपी जाणणाऱ्या वाचकांवर राव, वैद, श्रीनिवासन व चेन यांनी केलेल्या प्रयोगांत (२०११) हिंदी शब्द उर्दू शब्दांपेक्षा जलद उच्चारले गेले. उर्दूत ऱ्हस्व स्वर सामान्यतः लिहीत नाहीत, अनेक अक्षरांत केवळ नुक्त्यांचा फरक असतो आणि शब्दातील स्थानानुसार अक्षरांचे रूप बदलते. गोमंतकात फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण हे मराठी काव्य १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. कोकणी आजही देवनागरी, रोमन, कन्नड आदी लिपींत वाचली जाते. १९८७ च्या गोव्यातील राजभाषा अधिनियमाने त्यांपैकी देवनागरी कोकणीस राजभाषेचे स्थान दिले. प्रत्येक समाजास सवयीचीच लिपी सोपी वाटते, हा अनुभव येथे सार्वत्रिक आहे.

मोडी व बालबोध : मराठीतील मोडी लिपीचा आरंभ परंपरेने यादवांचा मंत्री हेमाद्री (तेरावे शतक) याच्याकडे दिला जातो. हात न उचलता, अक्षरे ‘मोडून’ लिहावयाची म्हणून मोडी, अशी तिच्या नावाची उपपत्ती सांगतात. लेखक प्रथम कागदावर आडवी शिरोरेषा ओढून घेई व नंतर बोरूने तिच्याखाली अक्षरे एकमेकांत गुंफीत जाई. दोन शब्दांत अंतर सोडण्याची व विरामचिन्हे देण्याची पद्धत नव्हती. इकार व उकार यांचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळला जात नसे. त्यामुळे ‘दिन’ व ‘दीन’ किंवा ‘सुत’ व ‘सूत’ यांचे लेखन एकच होई. बालबोधीत याच्या उलट प्रत्येक अक्षर सुटे व पूर्ण आकाराने लिहीत. बालकासही बोध व्हावा म्हणून बालबोध, हे नावच तिचे प्रयोजन सांगते. पोथ्या, शिलालेख व शास्त्रग्रंथ बालबोधीत, तर पत्रे, हिशेब, सनदा व दप्तर मोडीत, अशी कामाची विभागणी रूढ झाली होती.

शिवकालात या दप्तरी लेखनास राज्यकारभाराचे स्वरूप आले. महाडजवळील रायगड ही छत्रपती शिवाजी महाराजांची राजधानी झाल्यावर चिटणीस बाळाजी आवजी यांच्या हाताखालील पत्रव्यवहार याच परिसरातून चाले. बाळाजींविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. महाराजांनी सांगितलेले पत्र लिहावयाचे राहून गेले असता त्यांनी कोरा कागद हाती धरून ते अडखळल्याविना ‘वाचून’ दाखविले, असे ती सांगते. आख्यायिकेची सत्यता कशीही असो, त्या काळी पत्रवाचन ही दरबारातील मुखोद्गत सफाईची कला होती, हे तीवरून दिसते. पोलादपूर येथे शिवभारत या संस्कृत काव्याचे कर्ते कवींद्र परमानंद यांची समाधी दाखवितात. काव्याची पोथी व दप्तराचा कागद या दोन भिन्न वाचनपरंपरा याच डोंगराळ मुलखात एकत्र नांदत होत्या.

पेशवाईत मोडीचे वळण अधिक घोटीव व गोलाईदार झाले. आधुनिक वाचकास दुर्घट वाटणारी ही लिपी त्या काळचे कारकून झपाट्याने वाचीत, याची कारणे मजकुराच्या घडणीत आहेत. पत्राचा मायना, ‘विज्ञापना’सारखी संबोधने, तिथी व शुहूर सनाचे अरबी संख्याशब्द, ‘मु॥’ (मुक्काम), ‘ता॥’ (तालुका), ‘छ’ (चंद्र) यांसारखी संक्षेपचिन्हे आणि ‘लेखनसीमा’ ही अखेर ठराविक असे. त्यामुळे पुढे काय येणार, याचा अंदाज अनुभवी वाचकास आधीच असे व अनोळखी गावनावे, माणसांची नावे व रकमा यांवरच त्याला थांबावे लागे. लिपीतील संदिग्धता मजकुराच्या साचेबंदपणाने भरून निघत होती, असे म्हणता येईल.

शब्दांमधील मोकळी जागा हा या संदर्भातील कळीचा मुद्दा होय. प्राचीन ग्रीक व लॅटिन हस्तलिखितेही सलग लिहीत. सातव्या-आठव्या शतकांत आयरिश लेखनिकांनी शब्द सुटे लिहिण्याची पद्धत पाडली व ती पुढे यूरोपभर पसरली. मूक वाचनाच्या प्रसाराशी तिचा संबंध जोडला जातो. इंग्रजी मजकुरातील मोकळ्या जागा काढून टाकल्यास बहुतेक वाचकांचा वेग ३० ते ५० टक्क्यांनी घटतो, असे प्रयोगांत दिसते. उलटपक्षी चिनी मजकुरात शब्दांमध्ये जागा सोडली असता वेग वाढतही नाही व घटतही नाही (२००८). म्हणजे ज्या लेखनपद्धतीत वाचक वाढला, तीमधील शब्दसीमा तो आपल्या परीने ओळखत असतो. मोडी वाचणाऱ्या कारकुनास सलग ओळ अडचणीची वाटत नसे. अंतर सोडून छापलेल्या बालबोधीवर वाढलेल्या आजच्या वाचकास मात्र तीच ओळ अभेद्य वाटते.

मुद्रणाने या दोन लिपींचे भवितव्य ठरविले. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये देवनागरीत प्रसिद्ध झाले, तर श्रीरामपूर (बंगाल) येथे छापलेल्या त्यांच्या १८१० च्या कोशात मोडी टाइप वापरले होते. परंतु मोडीचा मुख्य गुण हाताच्या वेगाचा होता. सुटे टाइप जुळविताना त्याचा उपयोग नव्हता आणि वाचनसुलभतेत ती बालबोधीच्या मागेच राहिली. दर्पण (१८३२) पासून मराठी वृत्तपत्रे बालबोधीत निघाली. मुंबईत १८६९ मध्ये स्थापन झालेल्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी टाइपांना सुबक व स्थिर रूप दिले. एक मनुष्य लिही व एकच वाची, अशा पत्रव्यवहारात लेखकाचा वेग मोलाचा होता. एकदा छापलेला मजकूर हजारो लोक वाचू लागताच वाचकांचा वेग मोलाचा ठरला. प्राथमिक शाळांत शिळामुद्रित पुस्तकांवरून मोडी वाचन शिकविले जात असे. तथापि १९५० च्या सुमारास ती सरकारी व्यवहारातून व शाळांतून मागे पडली.

याचा परिणाम दूरगामी झाला. पुण्याच्या पुरालेखागारातील पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यातून निवडलेले कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत प्रसिद्ध केले, भारत इतिहास संशोधक मंडळाने (स्था. १९१०) व विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीही असे विपुल कागद उजेडात आणले. तरीही छापलेला भाग एकूण साठ्याच्या मानाने अल्पच आहे. ज्या लिपीने लेखन जलद केले, तिच्या वाचकांची संख्या घटताच तोच वेग संशोधनातील अडसर ठरला. हा प्रश्न केवळ इतिहासकारांपुरता नाही. जमिनीचे हक्क, वतने व जातीच्या नोंदी यांचे जुने पुरावे मोडीत आहेत. कुणबी नोंदींच्या शोधासाठी शासनाने २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचकांची निकड भासली. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षणवर्ग चालविते. २०१४ मध्ये मोडीचा युनिकोड या संगणकीय वर्णसंहितेत समावेश झाला असून यंत्राद्वारे मोडी वाचनाचे प्रयत्नही चालू आहेत.

मार्गफलक व त्वरित वाचन : वाचनवेगाचा प्रश्न सर्वांत तातडीचा होतो तो रस्त्यावर. मुंबई–गोवा महामार्गावर (राष्ट्रीय महामार्ग क्र. ६६, पूर्वीचा १७) पोलादपूर सोडून खेडकडे जाताना रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांच्या सीमेवर कशेडी घाट लागतो. त्याच्या वळणांना पर्याय म्हणून खोदलेल्या बोगद्यातून २०२३ मध्ये वाहतूक सुरू झाली. ताशी ४० किमी. वेगाचे वाहन सेकंदास सुमारे ११ मी. अंतर कापते, दोन सेकंद फलकावर नजर राहिली, तर तेवढ्यात ते २२ मी. पुढे गेलेले असते. घाटातील वळणावर हे अंतर थोडे नव्हे.

अशा फलकावरील नावे दोन लिपींचा स्वभाव स्पष्ट करतात. ‘कशेडी’ हे नाव देवनागरीत तीन अक्षरांचे, तर रोमनमध्ये सात वर्णांचे आहे. ‘महाड’ तीन व पाच, ‘पोलादपूर’ पाच व आठ असे प्रमाण पडते. देवनागरी रूप आटोपशीर असले, तरी त्यातील मात्रा व वेलांट्या बारीक असतात आणि दुरून प्रथम त्याच अस्पष्ट होतात. रोमन वर्ण संख्येने अधिक, पण रूपाने साधे असतात. मात्र ‘कशेडी’तील ड व ‘पोलादपूर’मधील द यांस रोमनमध्ये एकच वर्ण वापरतात, स्वरांची दीर्घताही त्यात दिसत नाही. देवनागरीतही सर्व काही लिहिलेले असते असे नाही : ‘पोलादपूर’मधील द चा उच्चार व्यंजनान्त होतो, हे वाचकास माहीत असावे लागते. या भागातील रहिवाशास दोन्ही रूपे क्षणार्धात कळतात. कारण तो नाव वाचीत नसून ओळखीत असतो. परप्रांतीय चालकास मात्र परिचित लिपीतील ओळ शोधून नाव जुळवावे लागते. म्हणून फलकांवर दोन्ही लिपी ठळक, सुट्या व ठराविक क्रमाने असणे ही केवळ भाषाधोरणाची बाब नसून सुरक्षिततेचीही आहे.

शैक्षणिक महत्त्व : प्राथमिक शिक्षणात मुलाच्या वाचनाची परीक्षा मिनिटास किती शब्द अचूक वाचले, यावरून घेण्याची पद्धत वाढत आहे. केंद्र शासनाच्या २०२१ च्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटास ४५ ते ६० व तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द, असे लक्ष्य सांगितले आहे. एकच आकडा सर्व भाषांना लावल्यास प्रत्ययबहुल व मोठ्या अक्षरसंग्रहाच्या भाषांतील मुले विनाकारण मागे पडलेली दिसतात, हे वरील विवेचनावरून ध्यानात येईल. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२२ मध्ये तिसरीच्या विद्यार्थ्यांची २० भाषांत पाहणी करून भाषेभाषेनुसार निराळे मानदंड ठरविले, ते याच कारणास्तव. भाषेच्या परिचयाचा मुद्दाही तितकाच महत्त्वाचा आहे. रायगड जिल्ह्यातील कातकरी वाड्यांमधील मूल घरी कातकरी बोलते व शाळेत प्रमाण मराठी वाचते. त्याच्या मंद वाचनास लिपी अथवा बुद्धी जबाबदार धरणे चुकीचे होय. कॅटेल यांनी १८८६ मध्ये नोंदविलेला परिचयाचा नियमच तेथे लागू होतो.

सारांश, कोणतीही भाषा वा लिपी जात्याच मंद अथवा जलद नसते. प्रत्येक लेखनपद्धती लिहिणारा, वाचणारा व शिकणारा यांपैकी कोणाचे तरी श्रम वाचविते आणि दुसऱ्या कोणावर तरी ते टाकते. मोडीने लिहिणाराचे श्रम वाचविले व बालबोधीने वाचणाराचे. शिकणाऱ्या मुलाच्या श्रमाचा हिशेब मात्र मापनाचे एकक निवडताना अजूनही पुरतेपणी मांडला जात नाही.